पुलाचा आकडा

विब्रेननं मला बोलावलं ते आकडा काढायला.
फक्त एक आकडा, येल्चे, म्हणाला,
बशीएवढ्या पिवळ्या वर्तुळात, काळा.
मी होड्यांची नावं रंगवते, बेकरीच्या पाट्या,
दोनदा थडग्यांवरची अक्षरंही.
एका आकड्याचे पैसे ते काय घ्यायचे?

जुन्या गोठ्यात ट्रक उभा.
युद्ध संपता संपता कॅनडाच्या फौजेबरोबर फ्रीसलंडात आलेला,
मग वीस वर्षं दुधाचे कॅन वाहिलेला,
मग कोंबड्यांनी ताब्यात घेतलेला.
विब्रेननं त्याच्यावर अकरा हिवाळे घातले.
बोनेटच्या रिव्हेटपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम.
बायको गेली त्या आठवड्यात गिअरबॉक्स उघडून बसला होता.
भुईला भार, गाव म्हणालं,
ट्रकला की त्याला, ते कुणी नीट सांगितलं नाही.

हे वजन नसतं, तो मला समजावतो,
हा दर्जा असतो.
चाकांत अंतर किती, कुठल्या आसावर किती भार,
सगळ्याचा मिळून एक आकडा.
पुलाच्या तोंडाशी दुसरा.
पहारेकरी दोन्ही बघणार:
गाडीचा लहान, तर जा.
मोठा, तर थांब.
नाहीतर खाली पाणी आहेच.

पुस्तकात नऊ.

जुनं खरवडल्याशिवाय नवा रंग धरत नाही,
म्हणून मी सँडपेपर फिरवते.
डेअरीचा निळा निघतो. मग एक राखाडी,
मग हिरवा, आणि हिरव्याखाली
जुन्या चीजच्या सालीसारखा पिवळा.
त्यात पाच.

नऊ हवा, विब्रेन म्हणतो, जणू मीच चुकले.

मी वाकून बघते.
हा पाच साच्यातून आलेला नाही, हातानं काढलाय,
ब्रश रुंद, रंग जास्त,
टोपी शेवटी दिलेली, तीही तिरकी,
पोटाखाली ओघळ.
माणूस उकिडवा बसला असणार. उजेड नसणार.
पाचाखालचा पिवळा इतका पातळ
की त्यातून दुसरं एक पोट दिसतंय,
नीटस, गोल, साच्यातलं.
नऊ.

बराच वेळ दोघंही बोललो नाही.
कुठल्यातरी पुलावर पाच लिहिलेलं होतं
आणि पलीकडे कुणालातरी जायचं होतं.

शेजारच्या आल्त्सेला विचारलं. पंच्याऐंशीची आहे,
तेव्हा याच ट्रकच्या मडगार्डवर बसली होती म्हणते,
मागे निम्मं गाव चढलेलं.
पूल वाकला होता का?
पूल आठवत नाही, ती म्हणाली.
बूट आठवतात. एकाच्या बुटाला दोरी होती, नाडी नव्हती.
ती आकड्यात धरलेली नव्हती,
निम्मं गावही नव्हतं.

मे महिन्यात मेळाव्याला परीक्षक येतात,
हातात पुस्तक, डोळ्यावर चष्मा, रिव्हेट मोजणारे.
त्यांना नऊ हवा.
विब्रेन केबिनमध्ये जाऊन बसला, दार लावून.
मी डबे उघडे ठेवून थांबले, साय धरायला लागली रंगावर.
मग काच खाली आली.
पैसे दोन आकड्यांचे घे, म्हणाला.

तर आधी नऊ काढला, साच्यातून, चोख.
दोन दिवस वाळू दिला.
वर पिवळ्याचा एक पातळ हात.
मग पाच.
आणि तो काही केल्या बिघडेना.
चाळीस वर्षं सरळ रेघ शिकलेला हात,
ओघळ पाडायला तीनदा पुसावं लागलं.
चौथ्यांदा विब्रेननं दिवा मालवला
आणि गोठ्याबाहेरून ओरडला, चल, लवकर, आले ते!
तेव्हा कुठे टोपी तिरकी बसली.

दिवा लागला. तो मागे सरून बघत राहिला.
खोटा वाटतो, म्हणाला.
होताच, मी म्हटलं.

मग तोंडावरून हात फिरवत, अगदी सहज विचारल्यासारखं,
येल्चे, आपला गावचा उचलपूल
किती टनांचा आहे गं?

पाच, मी सांगितलं,
आणि ब्रश धुवायला घेतला.